आतलं चाक

टायरमधली हवा बघण्याची माणसाची सर्वांत जुनी पद्धत म्हणजे टायरला लाथ मारणे. सेकंडहँड स्कूटर घ्यायला गेलेला गृहस्थ आधी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतो, मग पुढच्या चाकाला एक लाथ घालतो आणि त्या लाथेतून गाडीची जन्मकुंडली कळल्यासारखा चेहरा करतो. लाथेतून नेमकं काय कळतं, हे मी पुष्कळांना विचारून पाहिलंय. कुणी सांगत नाही. एक अनुभवी गृहस्थ तेवढे खरं बोलले. म्हणाले, "अहो, लाथ मारली नाही तर विकणाऱ्याला वाटतं, गिऱ्हाइकाला काही कळत नाही!"

ट्रकच्या क्लीनरची पद्धत यापेक्षा शास्त्रीय. धाब्यावर गाडी थांबली की हा पोरगा हातात लोखंडी टॉमी घेऊन खाली उतरतो आणि एकेका टायरवर ठोके देत गाडीभोवती फिरतो. भरलेला टायर एक बोलतो, बसलेला दुसरं बोलतो. तबलजी हातोडीनं तबला लावतो, त्यातलाच हा प्रकार; फक्त इथं बेसूर निघालं तर मैफलीऐवजी गाडी उलटते. माझी समजूत होती की ही विद्या फक्त आपल्या कसारा-खंडाळ्याकडची. पण अमेरिकेतले ट्रकवालेसुद्धा हेच करतात. फरक एवढाच, की त्यांना त्यासाठी खास लाकडी दांडकं विकत मिळतं. 'टायर थंपर' असं त्याचं भारदस्त नाव आहे आणि हमरस्त्यावरच्या दुकानांत ते किमतीची चिठ्ठी लावून टांगलेलं असतं.

पण दांडकं अमेरिकन असो की आपलं, त्याला दोनच गोष्टी सांगता येतात. टायर जिवंत आहे, किंवा टायर मेलेला आहे. मधलं काही त्याला कळत नाही. ९० पौंड हवेचा टायर आणि ७० पौंड हवेचा टायर, दोघेही ठोका खाऊन "मी ठीक आहे" असंच उत्तर देतात. आणि सगळी भानगड त्या मधल्या मजल्यावरच असते. बँकेत इतकी वर्षं काढल्यावर एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो, की बुडालेलं खातं कधी लपत नाही. लपतं ते हळूहळू रिकामं होणारं.

टायर या विषयाचा एवढा व्यासंग माझ्यासारख्या बी. कॉम. माणसाला असायचं कारण म्हणजे आमचे भाऊजी. ताई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. तिचे यजमान अमेरिकेत इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर माणूस बाग करतो, भजनी मंडळात जातो, फार तर वर्तमानपत्राला पत्रं लिहितो. भाऊजींनी राहतं घर विकलं आणि एक जुनी बस विकत घेतली. चांगली ४० फूट लांब! आयुष्यभर प्रवासी वाहून सेवानिवृत्त झालेली. त्यांनी तिच्यातली बाकं उपटून काढली आणि आत स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर, कपाटं असा संसार बसवला. अमेरिकेत हा वेडेपणा मानत नाहीत, छंद मानतात. हजारो लोक असल्या बसमध्ये नाही तर तयार मोटारहोममध्ये राहतात आणि थंडीत दक्षिणेकडे, उन्हाळ्यात उत्तरेकडे असे पाखरांसारखे फिरतात. भाऊजींच्या उशाशी 'बस कन्व्हर्जन मॅगझिन'चे अंक असतात. आमच्याकडे आजोबांच्या उशाशी दासबोध असायचा, त्याच भक्तिभावानं.

२०२३ च्या सप्टेंबरात ताईनं तिकीट पाठवलं (एलटीसीमध्ये अमेरिका बसत नाही) आणि मी तीन आठवडे या चालत्या घरात पाहुणा म्हणून दाखल झालो.

पहिल्याच दिवशी भाऊजींनी मला घर दाखवायला सुरुवात केली ती खालून. म्हणजे चाकांपासून. "ही पुढची दोन. ही मधल्या अॅक्सलची चार, प्रत्येक बाजूला दोन-दोनची जोडी. त्यामागं ही सुटी दोन. झाली आठ. आणि मागं जी लहान गाडी ओढत नेतो तिची चार. एकूण बारा." ज्या अभिमानानं एखादे शेतकरी काका बैलजोड्या मोजून दाखवतात, त्याच अभिमानानं. पुढं त्यांनी टायरची जन्मतारीख दाखवली. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात. मी वाकून वाचलं. १९१८! म्हटलं, पहिल्या महायुद्धातले टायर अजून घालून फिरता? भाऊजी म्हणाले, "पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २०१८ चा एकोणिसावा आठवडा." असल्या बसचा टायर झिजून मरत नाही म्हणे, म्हातारा होऊन मरतो. वरून नक्षी कोरी करकरीत दिसते, आतून रबर थकलेलं असतं. पाहुण्यांच्या घरी लग्नाच्या मुलाचं वय पत्रिकेवरून पाहतात, डोक्यावरच्या केसांवरून नाही, तसंच हे.

मग त्यांनी मला ज्यासाठी खाली वाकवलं होतं ती वस्तू दाखवली. प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हवर टोपणाच्या जागी चिंचोक्यापेक्षा थोडी मोठी एक काळी डबी बसवलेली होती. तिच्या पोटात घड्याळातल्यासारखी सपाट बॅटरी, हवेचा दाब मोजणारं एक यंत्र, उष्णता मोजणारं एक यंत्र, आणि ते दोन्ही आकडे बिनतारी संदेशानं पुढं धाडणारं एक छोटंसं तारघर. ड्रायव्हरच्या समोर एक पडदा. त्यावर बसचा नकाशा आणि बारा चाकांचे बारा आकडे. बस इतकी लांब, की मागच्या टोकाचा निरोप पुढं पोचेपर्यंत विरून जातो. म्हणून मध्ये एक निरोप्या बसवलेला. तो मागचं ऐकतो आणि मोठ्यानं पुढं सांगतो. आमच्या ऑफिसात हे काम शिपाई करतो, आणि वाटेत स्वतःचं चार शब्दांचं भाष्य जोडतो. हा बिचारा जोडत नाही.

"पण भाऊजी, हे सरकारनंच बसवून द्यायला नको का? तिकडं तर सगळ्या मोटारींत असतं म्हणतात."

भाऊजी खूश झाले. निवृत्त इंजिनिअरला प्रश्न विचारणारा श्रोता मिळणं म्हणजे निवृत्त गवयाला तबलजी मिळणं. ते मडगार्डला टेकून बोलू लागले. २००० सालच्या ऑगस्टमध्ये फायरस्टोन कंपनीनं ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेचसे फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवर होते. धावताना टायरची वरची कातडी सोलून निघायची आणि गाडी उलटायची. दोनशेहून जास्त माणसं गेली. केवढा हलकल्लोळ झाला! त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कायदा आला, आणि त्याच्या पोटी पुढं नियम झाला, की टायरची हवा ठरलेल्यापेक्षा २५ टक्क्यांनी उतरली तर ड्रायव्हरसमोर दिवा लागलाच पाहिजे. सप्टेंबर २००७ पासून तिथं तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला ते सक्तीचं झालं.

"फक्त एक बारीक अट आहे," भाऊजी म्हणाले. "गाडीचं भारासकट वजन १०,००० पौंडांच्या आत पाहिजे. म्हणजे साडेचार टन. आणि जिच्या अॅक्सलला जोडचाकं असतील ती गाडी त्यातून वगळलेली."

मी भाऊजींच्या बसकडे पाहिलं. पंधरा टनांच्या वर वजन आणि मध्ये जोडचाकं. म्हणजे लहान गाडीला डॉक्टर, आणि हत्तीला अंगारा! सरकार म्हटलं की त्याचं तर्कशास्त्र आपलं-परकं असं नसतं. ते सगळीकडे एकाच टाकसाळीत पडतं. म्हणून असल्या बसवाल्यांनी या डब्या पदरच्या पैशांनी विकत आणायच्या आणि स्वतःच्या हातांनी बसवायच्या.

आता जोडचाक म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. जोडचाक म्हणजे जॉइंट अकाउंट. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर.' दोन टायर खांद्याला खांदा लावून एकच भार उचलत असतात. त्यातल्या एकाची हवा गेली तर काय होतं? काहीच होत नाही. हीच तर गंमत आहे! पुढचं चाक बसलं तर स्टिअरिंग ओढतं, ड्रायव्हरला लगेच कळतं. जोडीतला एक बसला तर दुसरा मुकाट्यानं त्याचाही भार उचलतो. बस वाकत नाही, आवाज करत नाही, बाहेरून बघाल तर दोघेही ताठ उभे. पण कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला चपटा होतो, पुन्हा फुगतो, पुन्हा चपटा होतो आणि त्या मळणीत तापत जातो. शेजारचा दुप्पट ओझ्यानं तापतो. मग कधी तरी एक फुटतो, नाही तर पेट घेतो. पंधरा टनांची बस, आत गॅसची टाकी, लाकडी कपाटं, आणि पलंगावर दुपारची डुलकी घेत असलेली घरची माणसं. ड्रायव्हर बसतो ४० फूट पुढं. त्याला कळतं ते मागच्या गाडीतला कुणी हातवारे करून सांगतो तेव्हा.

त्यातही जास्त वाईट दशा असते ती आतल्या चाकाची. बाहेरच्या चाकाला निदान कुणी तरी पाहतं, लाथ मारतं, धुतं. आतलं कुणाला दिसतच नाही. त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत बोट पोचत नाही, म्हणून एक लांब नळी जोडून त्याचं तोंड बाहेर आणावं लागतं. हवा भरायचा कंटाळा आला की माणूस जे चाक सोडून देतो, ते हेच.

किती हवा भरायची, याचंही एक शास्त्र आहे. टायरच्या कडेवर छापलेला आकडा म्हणजे जास्तीत जास्त भार उचलायला लागणारी हवा. आपल्याला हवी आपल्या भारापुरती. त्यासाठी संसारासकट बस ट्रकच्या वजनकाट्यावर चढवायची, पुढचं वेगळं आणि मागचं वेगळं वजन लिहून घ्यायचं आणि टायर कंपनीच्या तक्त्यात बघायचं. भाऊजींनी पहिल्यांदा वजन केलं तेव्हा ते हिशेबापेक्षा बरंच जास्त भरलं. शोध घेता घेता ओट्याखालच्या कपाटात दगडी खलबत्ता, पितळी डबा, दोन कुकर, पुरणयंत्र आणि तांदळाची तीन पोती सापडली. ताई म्हणाली, "मग काय, तुमची हत्यारांची पेटी कापसाची आहे?" शेवटी पेटीही राहिली, खलबत्ताही राहिला आणि मागच्या टायरांना हवा वाढली. पुढच्यांना ११०, जोडचाकांना ९०. पुष्कळशा संसारांतले तंटे अशाच रीतीनं मिटतात.

आम्ही फिनिक्सहून निघालो. ॲरिझोनातलं हे शहर म्हणजे सप्टेंबरातही नुसती भट्टी. निघायच्या आदल्या संध्याकाळी, ३८ अंशांच्या उष्म्यात, भाऊजींनी दिवसभर उभ्या असलेल्या बसच्या सगळ्या टायरांत आकडा बघून हवा भरली. बसला ब्रेकसाठी स्वतःचा कॉम्प्रेसर असतो, त्यावरच ते काम होतं. दुसऱ्या दिवशी चढ चढून आम्ही फ्लॅगस्टाफला मुक्कामाला गेलो. फिनिक्स समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे फुटांवर, फ्लॅगस्टाफ सात हजारांवर. पहाटे मी स्वेटर शोधत उठलो तर भाऊजी पडद्यासमोर पांढरे पडून बसलेले. जोडचाकांची ९० ची हवा ८३ झाली होती. चारही चाकांत!

"चार चाकं एकदम पंक्चर होतात का?" मी विचारलं.

"होत नाहीत," भाऊजी म्हणाले, आणि त्यांनाच एकदम आठवलं. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की बंद हवेचा दाब अदमासे दोन टक्क्यांनी उतरतो. पहाटे बाहेर सात अंश होते. म्हणजे ३१ अंशांची घट.

टक्केवारी आली म्हटल्यावर मी पुढं सरसावलो. अकरा टक्के उतरायला हवेत; ९० चे ८० व्हायला हवेत. पडदा दाखवतोय ८३. वरचे तीन पौंड कुठून आले? हिशेबात जास्त रक्कम निघाली की आमच्याकडे ती सस्पेन्स अकाउंटला टाकतात. भाऊजींनी टाकू दिली नाही. टायरचं मापक आतल्या आणि बाहेरच्या हवेतला फरक मोजतं. इतक्या उंचीवर बाहेरची हवाच तीनेक पौंडांनी विरळ. म्हणून आतली तेवढी जास्त दिसते. खातं जुळलं. मला खरोखर आनंद झाला. असा आनंद ३१ मार्चच्या रात्रीसुद्धा नेहमी होतो असं नाही.

म्हणून शहाणा बसवाला हवा मोजतो ती सकाळी, गाडी हलायच्या आधी, टायर गार असताना. आणि भर दुपारी पळून तापलेल्या टायरचा आकडा १०० झाला म्हणून हवा सोडत नाही. ती वाढ कमाईतली नसते, उष्णतेची असते. रात्री आपोआप परत जाते. शेअरबाजारातल्या कागदी नफ्यावर जे फ्रिज घेतात, त्यांना हे कुणी तरी सांगायला हवं.

त्या डब्यांचेही काही दुर्गुण आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. डबी व्हॉल्व्हवर बसते ती व्हॉल्व्हची आतली सुई दाबून धरते, तेव्हाच तिला आतली हवा कळते. म्हणजे पहारेकरी दार किलकिलं ठेवून पहारा करतो. डबीचा आटा नीट बसला नाही, तर राखणदारच चोर. रबरी व्हॉल्व्हला तिचं वजन सोसत नाही, धातूचाच लागतो. बॅटरी संपली की डबी गप्प होते, आणि गप्प डबी म्हणजे सगळं क्षेम आहे असं नव्हे. पण एवढं सांभाळलं तर ती जे करते, ते शंभर दांडक्यांना जमणार नाही. हवा ठरल्यापेक्षा उतरली तर ओरडते, फार चढली तर ओरडते, टायर तापला तर ओरडते, आणि हवा भराभर जाऊ लागली तर आकडा धोक्याच्या रेषेवर यायची वाट न बघता ओरडते. ताईच्या शब्दांत, "कुकरची शिट्टी वाफ वाढली की होते, याची उतरली तरी होते. एवढाच फरक."

तिसऱ्या दिवशी ती झाली. आम्ही विन्स्लो सोडून होलब्रुकच्या रस्त्याला लागलो होतो. दोन्ही बाजूंना नुसतं माळरान. भाऊजी चालवत होते, मी शेजारी बसून आकडे वाचत होतो, ताई मागं बसून लसूण सोलत होती. बस लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. आणि एकदम पडदा लाल झाला. उजवीकडचं जोडचाक, आतलं. १०० ची हवा ९६. मी पाहतोय तोवर ९४.

भाऊजींनी वेग कमी केला. दोन मैलांवर बाहेर पडायचा रस्ता होता. ते दोन मैल कुणी बोललं नाही. मागं लसूण सोलायचा आवाजही थांबला होता. मी मनात गणित करत होतो, कारण भीती वाटली की मला तेवढंच सुचतं. जोडचाकाचा टायर ठरलेल्या हवेच्या ८० टक्क्यांवर किंवा त्याखाली पळाला, तर तो बसून पळाला असंच समजायचं. त्यात तशीच पुन्हा हवा भरायची नाही. आतल्या पोलादी तारा मोडलेल्या असल्या, तर भरताना टायरची कूस उभी फाटते आणि भरणाऱ्याचा जीव जातो. तो काढून, उघडून तपासावाच लागतो. ९० चे ८० टक्के म्हणजे ७२. थांबलो तेव्हा पडद्यावर ८८ होते, पण ते तापलेले. गार धरले तर ७८. सहा पौंडांनी वाचलो होतो.

खाली उतरून पाहिलं. दोन्ही टायर वरपक्षाच्या मंडळींसारखे ताठ. मी दांडकं घेऊन दोघांनाही ठोकलं. दोघांनीही एकाच सुरात सांगितलं, आम्ही ठीक आहोत.

भाऊजींचा हात रिमच्या भोकातून आत जाईना. तेवढ्यात ताई भांडी घासायच्या साबणाचं पाणी वाटीत घेऊन खाली आली. बांगड्या वर सारल्या, हात कोपरापर्यंत आत घातला आणि चाचपून पाणी लावत गेली. "इथं," ती म्हणाली. आतल्या व्हॉल्व्हला जिथं ती लांब नळी जोडलेली असते, तिथल्या आट्याशी मोहरीएवढे बुडबुडे येत होते. धक्क्यांनी आटा ढिला झाला होता. भाऊजींनी पान्हा दिला, ताईनं तो आतल्या आत फिरवला, बुडबुडे थांबले. टायर गार होईपर्यंत थांबून कॉम्प्रेसरची हवा भरली. पुन्हा ९०.

भाऊजींना हर्ष आवरेना. "बघितलंत? यंत्र नसतं तर? मला स्टिअरिंगवर काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं! आतलं चाक, कुणाला पत्ता लागला असता?"

हात पुसता पुसता ताई म्हणाली, "यंत्र बसवलंय त्याचा पत्ता लागला. नाही बसवलं त्याचा कसा लागणार?"

"म्हणजे? बाराच्या बारा चाकांना बसवलंय मी."

"ते खरंच. चहा ठेवते."

रात्री होलब्रुकच्या मुक्कामात, भाऊजी पुढं मासिक वाचत होते आणि आम्ही दोघं ओट्याशी बसलो होतो, तेव्हा मी तिला विचारलं. ती आधी "काही नाही रे" म्हणाली. मग म्हणाली, "दोन वर्षं झाली. बस छान आहे, हे हौसेनं करतात, मलाही हौस आहे. पण घराला उंबरठा नाही. गेल्या दिवाळीत दारापुढं खडीवर रांगोळी काढली, तासाभरात वाऱ्यानं गेली. शेजारीण ओळखीची होते तोवर तिची तरी गाडी सुटते, नाही तर आपली. हे रोज सकाळी विचारतात, ठीक ना? मी म्हणते, ठीक. ठीकच असतं रे. चार महिने एका जागी मुक्काम हवा, बाकी काही नाही."

४० फुटांच्या घरात खासगी बोलायला जागा नसते. भाऊजींच्या हातातल्या मासिकाचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

सकाळी ते नेहमीप्रमाणे वही घेऊन बसले. रोज पहाटे बारा आकडे टिपायची त्यांची शिस्त. बारा टिपले. मग पेन्सिल कानावर न ठेवता तशीच हातात धरून म्हणाले, "अगं, ऐकलं का, फिनिक्समध्ये ऑक्टोबर ते जानेवारी एखादं घर भाड्यानं मिळेल?"

ताईनं पोळी तव्यावर टाकली. "मग बसचं काय? उभ्या गाडीचे टायर लवकर चिरतात, तुम्हीच सांगता."

हे अगदी खरं आहे. टायरच्या रबरात त्याला चिरण्यापासून वाचवणारं मेणासारखं द्रव्य घातलेलं असतं. टायर पळताना दबतो-फुगतो, तेव्हाच ते आतून वर येतं. उभ्या टायरला ते मिळत नाही. म्हणजे भारही नको इतका नको, आणि विश्रांतीही नको इतकी नको. भाऊजींनी थोडा विचार केला आणि तोड सुचवली: महिन्यातून एका रविवारी बस तीस मैल फिरवून आणायची. ताई म्हणाली, "त्या रविवारी मी पुढं बसणार. मागं बसून लसूण सोलणार नाही." करार झाला. साक्षीदार म्हणून मी हजर होतोच. शिक्का तेवढा बरोबर नव्हता.

त्या दिवाळीला फोटो आला. भाड्याच्या घराच्या दारात ठिपक्यांची रांगोळी आणि तिच्यामागं, कुणी अचानक अमेरिकन रीतीनं हसायला सांगितल्यासारखे भाऊजी. कोपऱ्यात बसचं पुढचं चाक दिसत होतं, त्यालाही हळदकुंकू लावलेलं. आतल्यालाही लावलंय, असं ताईनं खाली लिहिलं होतं, हात घालून.

मी आता फोनवर तिला "कशी आहेस?" असं विचारत नाही. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. "आज काय काय केलंस?" असं विचारतो. मग ती अर्धा तास बोलते. कोण आलं, काय शिजवलं, भाऊजी कशावरून चिडले, गुडघा कुठल्या पायरीवर दुखला. त्या अर्ध्या तासातून खरा आकडा आपणच शोधून काढायचा असतो. कारकुनाला ते जमतं. फोन भाऊजींकडे गेला की ते लगेच बारा चाकांची हवा सांगतात. तीही मी लिहून घेतो.